खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घ्यावा का? नाशिकच्या विद्यार्थ्यांचे व पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीईटीचा (राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा) निकाल लागल्यापासून कॅपचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म (पसंतीक्रमाचा अर्ज) भरेपर्यंतचे दिवस घरात मोठ्या ताणाचे असतात. त्या काळात नाशिक शहरातून, तसेच निफाड, येवला, कळवण, सटाणा अशा तालुक्यांतून येणारे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची चालू वर्षाची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय कोणताही अंतिम निर्णय घेऊ नये.

प्रश्न: नाशिकमध्ये राहून अभियांत्रिकी करायची तर खासगी महाविद्यालयाशिवाय पर्याय आहे का?

फारसा नाही. नाशिक परिसरातील बहुतेक सर्व अभियांत्रिकी महाविद्यालये खासगी विनाअनुदानित आहेत. शासकीय महाविद्यालयात जायचे म्हटले तर पुण्याचे सीओईपी, जवळच्या जिल्ह्यांतील अवसरी, जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगर, नाहीतर मुंबईचे व्हीजेटीआय ही नावे समोर येतात, आणि त्यातील वरच्या संस्थांचे कटऑफ इतके चढे असतात की जिल्ह्यातील मोजक्याच मुलांना तेथे जागा मिळते. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली आणि त्यानंतर राज्यभर अशा संस्था उभ्या राहिल्या. नाशिकचे क. का. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ चे, म्हणजे त्याच लाटेतील आहे. मराठा विद्या प्रसारक समाज आणि गोखले एज्युकेशन सोसायटी या शतकाहून जुन्या शिक्षणसंस्थांनीही पुढे अभियांत्रिकी महाविद्यालये काढली. आज पंचवटी, गंगापूर रोड, आडगाव, म्हसरूळ, एकलहरे, त्र्यंबक रोड आणि चांदवडपर्यंत ही महाविद्यालये पसरलेली आहेत. त्यामुळे येथील बहुसंख्य कुटुंबांना खासगी आणि सरकारी यांच्यात निवड करावीच लागत नाही. कोणते खासगी महाविद्यालय, कोणती शाखा आणि किती खर्चात, एवढेच त्यांना ठरवायचे असते.

प्रश्न: सगळी खासगी महाविद्यालये एकाच प्रकारची असतात का?

नाहीत, आणि हा भेद प्रवेशापूर्वीच समजून घेणे आवश्यक आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी या तिन्ही गोष्टी विद्यापीठाच्या असतात. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम आखते आणि परीक्षाही स्वतः घेते, पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. खासगी विद्यापीठ किंवा अभिमत विद्यापीठ पदवीही स्वतःच देते, आणि तेथील प्रवेश, शुल्क व शिष्यवृत्ती यांचे नियम वेगळे असू शकतात. एकाच संस्थेचे महाविद्यालय आणि विद्यापीठ शेजारी शेजारी असेल, तर आपला अर्ज नेमका कोणाकडे चालला आहे, हे पावतीवरील नाव वाचून पाहावे. स्वायत्त संस्थेत निकाल वेळेवर लागतात आणि अभ्यासक्रम लवकर बदलता येतो, हा मोठा लाभ आहे. मात्र शिकवणारे, पेपर काढणारे आणि तपासणारे एकाच इमारतीतील असल्यामुळे तेथील शिक्षणाचा कस पूर्णपणे त्या शिक्षकांच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहतो.

प्रश्न: खासगी महाविद्यालयाचे खरे फायदे कोणते?

पहिला फायदा असा की हवी ती शाखा मिळण्याची शक्यता वाढते. शासकीय महाविद्यालयात जेवढ्या पर्सेंटाइलवर एखादी नको असलेली शाखा मिळते, तेवढ्यावर चांगल्या खासगी महाविद्यालयात आवडीची शाखा मिळू शकते. दुसरा फायदा घराजवळ राहण्याचा आहे. त्याचे आर्थिक आणि मानसिक मोल पालक नेहमी कमी लेखतात. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. तिसरे म्हणजे, जुन्या आणि नीट चालवलेल्या खासगी संस्थांमध्ये यंत्रसामग्रीची खरेदी, दुरुस्ती, संगणक कक्ष यांचे निर्णय लवकर होतात. शासकीय संस्थांतील रिक्त पदांचा प्रश्नही आपल्याकडे जुनाच आहे, त्यामुळे सरकारी म्हणजे आपोआप उत्तम शिकवणे, असे मानण्याचे कारण नाही.

प्रश्न: आणि तोटे?

सर्वात मोठा तोटा शुल्काचा, हे उघडच आहे. पण माझ्या मते त्याहून गंभीर गोष्ट शिक्षकांची आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषाप्रमाणे २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असायला हवा. ६० जागांच्या एका शाखेत चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी होतात, म्हणजे त्या शाखेसाठी १२ शिक्षक हवेत. कागदावर ते असतातही. परंतु कमी पगारावर आणि वर्षावर्षाच्या करारावर नेमलेले शिक्षक टिकत नाहीत, सत्राच्या मध्येच सोडून जातात, आणि मग मशीन डिझाइन किंवा सिग्नल प्रोसेसिंगसारखा अवघड विषय कालच पदव्युत्तर पदवी घेतलेल्या, स्वतःच चाचपडणाऱ्या तरुणाच्या गळ्यात पडतो. त्याचा दोष त्या तरुणाचा नसतो, पण नुकसान साठ मुलांचे होते.

दुसरी बाब प्रवेशक्षमतेची आहे. २०२४-२५ पासून तंत्रशिक्षण परिषदेने एका शाखेतील जागांवरची कमाल मर्यादा काढून टाकली आणि निकष पूर्ण करणाऱ्या संस्थांना जागा वाढवण्याची मुभा दिली. त्यामुळे संगणक शाखा आणि तिच्याशी नाते सांगणाऱ्या शाखांच्या तुकड्या झपाट्याने वाढल्या. तुकडी वाढवणे एका आदेशाने होते. तेवढे अनुभवी शिक्षक मात्र एका उन्हाळ्यात तयार होत नाहीत. ज्या शाखेच्या जागा गेल्या दोन वर्षांत दुप्पट झाल्या असतील, तेथे शिक्षकही दुप्पट झाले का, हे जरूर विचारावे.

प्रश्न: शुल्क कोण ठरवते? महाविद्यालय वाटेल तेवढे घेऊ शकते का?

घेऊ शकत नाही. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क, शुल्क नियामक प्राधिकरण निश्चित करते. महाविद्यालयाने आपला खर्च सादर करायचा आणि प्राधिकरणाने तो तपासून शिक्षण शुल्क व विकास शुल्क ठरवून द्यायचे, अशी ती पद्धत आहे. संस्थेने वाढीसाठी माफक शिल्लक राखावी, पण नफेखोरी करू नये आणि कॅपिटेशन फी (विहित शुल्काबाहेरची रक्कम) घेऊ नये, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यातच स्पष्ट केलेली आहे. प्रत्येक महाविद्यालयाचे मंजूर शुल्क प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. माहितीपत्रकातील आकडा आणि तेथील आकडा यांत फरक दिसला, तर लेखी खुलासा मागावा.

या मंजूर शुल्काबाहेर वसतिगृह, खाणावळ, बस, परीक्षा शुल्क, गणवेश, अनामत रक्कम आणि वेगवेगळ्या नावांची प्रशिक्षणे असा खर्च असतो. यातील काय सक्तीचे आहे आणि काय ऐच्छिक, हे प्रवेशाच्या दिवशी काउंटरवर विचारण्यापेक्षा आठवडाभर आधी विचारलेले बरे, कारण त्या दिवशी मुदत संपत आलेली असते आणि माणूस मान डोलावून मोकळा होतो.

प्रश्न: शिष्यवृत्तीमुळे खर्चात खरोखर किती फरक पडतो?

पुष्कळ फरक पडतो, आणि कित्येक कुटुंबे हा हिशेब न करताच खासगी महाविद्यालयाला नकार देतात, याचे वाईट वाटते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्काच्या निम्म्या रकमेची सवलत मिळते. इतर मागासवर्गीयांसाठी अशाच योजना आहेत, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठीची सवलत याहून मोठी आहे. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील, आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलीच्या शिक्षणाचा खर्च झेपणार नाही म्हणून तिला इच्छेविरुद्ध दुसरीकडे वळवण्याआधी पालकांनी ही तरतूद शांतपणे वाचावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

याशिवाय टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी वेव्हर स्कीम) नावाच्या जागा असतात. मंजूर जागांच्या पाच टक्के इतक्या या अतिरिक्त जागांवर शिक्षण शुल्क माफ असते. त्यांचे कटऑफ साहजिकच वरचे असतात, आणि त्या जागेवर प्रवेश घेतल्यावर पुढे शाखा किंवा महाविद्यालय बदलता येत नाही.

या सवलतींची एक मुख्य अट आहे: प्रवेश कॅपमधून झालेला असावा. मॅनेजमेंट कोट्यातून (संस्थेने स्वतः भरायच्या जागांवर) घेतलेल्या प्रवेशाला त्या मिळत नाहीत. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमी लेअर, जात वैधता प्रमाणपत्र हे कागद अकरावीतच हलवायला घ्यावेत. वैधतेच्या एका प्रमाणपत्रासाठी हातातली जागा गेल्याची उदाहरणे दरवर्षी घडतात. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या शासकीय पोर्टलवर अर्ज दरवर्षी नव्याने किंवा नूतनीकरणाचा करावा लागतो आणि रक्कम उशिरा येऊ शकते, हेही गृहीत धरून चालावे.

प्रश्न: शैक्षणिक कर्ज काढून प्रवेश घ्यावा का?

येथे एक उदाहरण मांडून पाहू. समजा, वर्षाला सव्वा लाख याप्रमाणे चार वर्षांत पाच लाख रुपये कर्ज घेतले आणि व्याजदर १० टक्के आहे. शिक्षण संपल्यावर एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असते. या पाच वर्षांत सरळ व्याजाने सुमारे १ लाख ७५ हजार रुपये व्याज साचते. ते भरले नाही, तर परतफेड सुरू होताना देणे पावणेसात लाखांवर गेलेले असते, आणि सात वर्षांच्या मुदतीने महिन्याचा हप्ता सुमारे ११,२०० रुपये येतो. तेच व्याज शिकत असतानाच दर महिन्याला फेडत गेले, तर पुढचा हप्ता सुमारे ८,३०० रुपये राहतो.

पहिल्या नोकरीचा पगार महिना २०-२५ हजार असेल आणि नोकरी पुण्यात किंवा बेंगळुरूत भाड्याच्या खोलीत राहून करायची असेल, तर ११ हजारांचा हप्ता हा जवळपास निम्मा पगार आहे. म्हणून कर्ज किती मिळते याऐवजी हप्ता किती झेपेल, येथून विचार सुरू करावा. बँका साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. त्यामुळे द्राक्षबाग किंवा राहते घर गहाण ठेवण्याची वेळ येत असेल, तर तो प्रवेशच कुटुंबाच्या ताकदीपलीकडचा आहे, असे समजावे. खासगी सावकाराकडून पैसे घेऊन किंवा सोने मोडून केलेल्या प्रवेशाविषयीही माझे हेच मत आहे.

प्रश्न: मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेणे चूक आहे का?

चूक नाही. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयातील २० टक्क्यांपर्यंत जागा संस्थास्तरावर भरण्याची कायद्यात तरतूद आहे, पण त्याही गुणवत्तेनुसार आणि जाहीर प्रक्रियेने भरायच्या असतात. चूक आहे ती पावतीविना दिल्या जाणाऱ्या पैशांत. विहित शुल्कापेक्षा जास्त रक्कम, मग तिला देणगी म्हणा, इमारत निधी म्हणा की आणखी काही, मागणे हा १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कॉलेज रोडवरच्या एखाद्या कार्यालयात बसून ‘सीट करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला आगाऊ रक्कम देणारे पालक पुढे तक्रारही करू शकत नाहीत, कारण त्यांच्या हातात कागदच नसतो.

संगणक शाखेसाठी असे काही लाख मोजण्याची तयारी असलेल्या पालकांनी एकच विचार करावा. तीच शाखा थोड्या कमी नावाच्या महाविद्यालयात कॅपमधून, शिष्यवृत्तीसह मिळत असेल, तर वाचलेल्या पैशांत मुलाचा उत्तम लॅपटॉप, चांगले प्रशिक्षण आणि पुढच्या शिक्षणाची सोय होऊ शकते.

प्रश्न: चांगले महाविद्यालय आणि दुय्यम शाखा, की साधे महाविद्यालय आणि आवडती शाखा?

मुलाला खरोखर एखादी शाखा आवडत असेल, तर शाखेला प्राधान्य द्यावे. पण बारावीनंतर बहुतेक मुलांची आवड ही शेजारच्या मुलाच्या पॅकेजवरून ठरलेली असते, हेही तितकेच खरे आहे. अशा वेळी ज्या महाविद्यालयातील शिकवणे चांगले, तेथील मूलभूत शाखा निवडावी. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक या शाखांचा पाया पक्का आहे आणि त्यांतून नंतर कोणत्याही विशेष विषयाकडे जाता येते. लांबलचक नाव असलेल्या नव्या शाखेचा अभ्यासक्रम डाउनलोड करून संगणक शाखेच्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवावा. पुष्कळदा चार-सहा विषयांपलीकडे फरक सापडत नाही, आणि ते विषय शिकवणारा माणूस आहे की नाही, हाच खरा मुद्दा उरतो.

नाशिकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. हे शहर यंत्रांचे आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती, सिन्नर आणि गोंदे पट्टा, महिंद्रा, बॉश, ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना, विद्युत उपकरणे बनवणारे मोठे आणि छोटे उद्योग, एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र, दिंडोरी रोडवरील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था अर्थात मेरी, एवढे सगळे तासाभराच्या अंतरात आहे. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्याला इंटर्नशिपसाठी इतके जवळचे आणि इतके विविध क्षेत्र राज्यात फार थोड्या शहरांत मिळेल. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल, मलनिस्सारण यांची जी कामे होत आहेत, ती सिव्हिलच्या विद्यार्थ्यासाठी चालती-बोलती प्रयोगशाळाच आहे. असे असताना या शाखांच्या जागा रिकाम्या राहाव्यात आणि सारी गर्दी एकाच शाखेकडे धावावी, हे मला योग्य वाटत नाही. या शाखांत सुरुवातीचा पगार अनेकदा कमी असतो, ही गोष्ट मात्र लपवण्यासारखी नाही. पाच-सात वर्षांनी, हातात कौशल्य आल्यावर, चित्र बरेच बदलते.

प्रश्न: ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या दाव्यावर किती विश्वास ठेवावा?

आकड्यांच्या मागचे आकडे मिळेपर्यंत ठेवू नये. फलकावर सर्वात मोठ्या पॅकेजचा फोटो असतो, आणि तो एका विद्यार्थ्याचा असतो. आपल्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही. शाखेतील सर्व विद्यार्थ्यांचे पगार चढत्या क्रमाने लावले तर मधोमध कोणता पगार येतो, हे विचारावे, कारण सरासरी एका मोठ्या आकड्याने फुगते. शंभर टक्के म्हणजे कोणाचे शंभर टक्के? शेवटच्या वर्षाच्या एकूण विद्यार्थ्यांचे, की प्लेसमेंटसाठी नोंदणी करू दिलेल्या विद्यार्थ्यांचे? बॅकलॉग असलेल्या आणि कमी गुणांच्या मुलांना नोंदणीच करू दिली नाही, तर टक्केवारी आपोआप वाढते. एका मुलाला तीन कंपन्यांची ऑफर असेल, तर ती तीन धरली की एक? ऑफर लेटर मिळालेल्यांपैकी किती जण खरोखर रुजू झाले? माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील मोठ्या कंपन्यांनी ऑफर देऊन महिनोन्महिने रुजू करून न घेतल्याच्या घटना अलीकडच्या वर्षांत घडल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न अगदी रास्त आहे. नोकरीचे काम कोणते, हेही पाहावे. विमा विकण्याची किंवा कॉल सेंटरची नोकरी कमी दर्जाची नाही, पण तिच्यासाठी चार वर्षे अभियांत्रिकीची गरज नव्हती.

या प्रश्नांची उत्तरे प्लेसमेंट अधिकाऱ्याकडून लेखी मिळाली तर उत्तमच. मिळाली नाहीत, तर गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्या त्या शाखेच्या आठ-दहा विद्यार्थ्यांना शोधून विचारावे. नाशिक इतके मोठे शहर नाही की ते सापडणार नाहीत.

प्रश्न: नॅक, एनबीए, एनआयआरएफ यांपैकी काय पाहावे?

एनबीए. नॅकची (राष्ट्रीय मूल्यांकन व मान्यता परिषदेची) श्रेणी संपूर्ण संस्थेची असते, तर एनबीएची (राष्ट्रीय मान्यता मंडळाची) मान्यता एकेका शाखेची असते आणि ती ठरावीक वर्षांसाठीच असते. त्यामुळे ‘आमच्या महाविद्यालयाला एनबीए आहे’ हे वाक्य अपुरे आहे. कोणत्या शाखेला आणि कधीपर्यंत, हे पाहावे. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन या आंतरराष्ट्रीय कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला, आणि त्यामुळे या मान्यतेचा परदेशी शिक्षणाच्या वेळी उपयोग होऊ शकतो. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्रमवारीच्या, यादीत नाव नसणे हा नाशिकच्या महाविद्यालयासाठी मोठा दोष मानू नये.

प्रश्न: पुण्याच्या खासगी महाविद्यालयात जावे की नाशिकमध्येच राहावे?

पुण्याच्या पहिल्या फळीतील महाविद्यालयात हवी ती शाखा मिळत असेल, तर जावे. तेथील स्पर्धा, कंपन्यांचे येणे-जाणे आणि सोबतचे विद्यार्थी यांचा लाभ खरा आहे. पण केवळ पुणे हवे म्हणून तेथील तिसऱ्या फळीतील, गावाबाहेरच्या महाविद्यालयात जाण्याला अर्थ नाही. शुल्क तेवढेच, अभ्यासक्रम अनेकदा त्याच विद्यापीठाचा, आणि वर खोली, मेस, प्रवास यांचा खर्च वेगळा. हा खर्च महिन्याला दहा हजार धरला, तरी वर्षातील दहा महिन्यांचे एक लाख आणि चार वर्षांचे चार लाख होतात. म्हणजे शुल्काइतकाच दुसरा खर्च.

शहरात राहणारा विद्यार्थी घरून सिटीलिंकच्या शहर बसने किंवा दुचाकीने जाऊ-येऊ शकतो, घरचे जेवतो, आणि पहिल्या वर्षी गणिताच्या पेपरात दांडी उडाली तर रात्री कोणाशी तरी बोलू शकतो. पहिल्या सत्रातील एकटेपणामुळे मागे पडणारी हुशार मुले कमी नाहीत. सुरगाणा किंवा पेठकडच्या विद्यार्थ्याला मात्र नाशिकमध्येही वसतिगृहातच राहावे लागते. त्याच्यासाठी हे गणित वेगळे आहे, आणि त्याने निर्वाह भत्त्याच्या शासकीय योजना आवर्जून पाहाव्यात.

प्रश्न: महाविद्यालय प्रत्यक्ष पाहायला गेल्यावर काय बघावे?

स्वागतकक्ष, कारंजे आणि सभागृह पाहण्यात वेळ घालवू नये. आपल्या शाखेच्या विभागात जावे आणि प्रयोगशाळा पाहू देण्याची विनंती करावी. लेथ मशीनवर किंवा ऑसिलोस्कोपवर धूळ आहे का, संगणक चालू होतात का, एका यंत्रावर एका वेळी किती मुले काम करतात, प्रयोगांच्या वह्या या वर्षाच्या आहेत का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. शिक्षकांच्या खोलीबाहेरच्या पाट्या वाचाव्यात आणि घरी येऊन संकेतस्थळावरील यादीशी ताडून पाहाव्यात. प्रत्येक महाविद्यालयाला शिक्षकांची नावे, पात्रता व रुजू झाल्याचा दिनांक यांसह सविस्तर माहिती जाहीर करावी लागते. पाच वर्षांहून जास्त काळ टिकलेले शिक्षक किती, हा मी सर्वात महत्त्वाचा आकडा मानतो.

शक्य असल्यास कॉलेज चालू असताना, साध्या मंगळवारी किंवा बुधवारी जावे. कॅन्टीनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलावे. तास होतात का, सबमिशन म्हणजे नुसती उतरवाउतरव आहे का, प्रोजेक्ट विद्यार्थी स्वतः करतात की बाहेरून विकत आणतात, ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते, हे प्रश्न पालकांपेक्षा विद्यार्थ्याने स्वतः विचारावेत. मुलींच्या पालकांनी वसतिगृहाची वेळ, बसची शेवटची फेरी आणि अंतर्गत तक्रार समिती यांची चौकशी संकोच न करता करावी. आडगाव, अंजनेरी किंवा महिरावणीसारख्या शहराबाहेरच्या परिसरात शेवटची बस हा रोजचा प्रश्न असतो.

प्रश्न: आधी डिप्लोमा करून मग पदवीला जाणे शहाणपणाचे आहे का?

दहावीनंतर तांत्रिक शिक्षणाची ओढ असलेल्या आणि घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलासाठी हा फार चांगला मार्ग आहे. नाशिकच्या शासकीय तंत्रनिकेतनात कमी शुल्कात तीन वर्षे शिकून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, त्यामुळे खासगी महाविद्यालयाचे शुल्क चारऐवजी तीनच वर्षे भरावे लागते. अशा मुलांचा हातही यंत्रावर बसलेला असतो. गणिताची मात्र त्यांनी स्वतंत्र तयारी करावी, कारण दुसऱ्या वर्षाचे गणित त्यांना जड जाते.

प्रश्न: खासगी महाविद्यालयाची पदवी सरकारी नोकरीला किंवा पुढील शिक्षणाला चालते का?

चालते. तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आणि विद्यापीठाची पदवी असेल, तर गेट (एम. टेक. प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा), एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा आणि सार्वजनिक उपक्रमांतील भरती यांसाठी सरकारी आणि खासगी असा भेद केला जात नाही. गेटमध्ये चांगली कामगिरी करून आयआयटीत एम. टेक. करणाऱ्यांमध्ये खासगी महाविद्यालयांचे विद्यार्थी असतातच.

प्रश्न: ऑप्शन फॉर्ममध्ये पसंतीक्रम कसा लावावा?

जे खरोखर हवे आहे, तेच वर लिहावे. गेल्या वर्षीच्या कटऑफवरून मिळणार नाही असे वाटले, तरी पहिल्या काही पसंती मनाच्या ठेवाव्यात. त्याने खालच्या पसंतीची संधी कमी होत नाही. मात्र एक काळजी घ्यावी. वरच्या क्रमांकाची पसंती मिळाली की ती आपोआप फ्रीज (पक्की) होते आणि पुढच्या फेरीचा मार्ग बंद होतो. कोणत्या फेरीत कितव्या पसंतीपर्यंत असे होते, हे त्या वर्षीच्या नियमात वाचून घ्यावे. ज्या महाविद्यालयात मिळाले तरी जायचे नाही, ते यादीत लिहूच नये. फॉर्म सायबर कॅफेवाल्याच्या हाती सोपवून घरी जाऊ नये. पासवर्ड आणि ओटीपी स्वतःकडे ठेवून विद्यार्थ्याने तो स्वतः निश्चित करावा.

प्रश्न: मुलाला अभियांत्रिकीच नको असेल तर?

तर हे पान बाजूला ठेवून आधी त्याच्याशी बोलावे. खासगी महाविद्यालयाचा सर्वात महागडा प्रवेश तो, ज्यात मुलगा दुसऱ्या वर्षी इयर डाऊन होतो, शिष्यवृत्ती अडते, आणि घरात कोणी कोणाशी बोलत नाही. गणित आणि भौतिकशास्त्र यांत मन न रमणाऱ्या मुलाला सीईटीच्या गुणांमुळे प्रवेश मिळू शकतो, पण आठ सत्रे त्यालाच काढायची असतात. विज्ञान शाखेची पदवी, वास्तुकला, कृषी, औषधनिर्माण, वाणिज्य असे अनेक मार्ग नाशिकमध्येच उपलब्ध आहेत आणि त्यांतील काहींचा खर्चही कमी आहे.

प्रश्न: प्रवेश घेतल्यावर मन बदलले तर पैसे परत मिळतात का?

ठरलेल्या मुदतीच्या आत आणि ठरलेल्या पद्धतीने प्रवेश रद्द केला, तर प्रक्रियेपोटी जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकीचे शुल्क परत मिळाले पाहिजे, असा तंत्रशिक्षण परिषदेचा नियम आहे. मुदत उलटल्यावर मात्र मोठी रक्कम अडकू शकते. मूळ कागदपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही. रद्द करण्याचा अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रत व पोच जपून ठेवावी, आणि परतावा वेळेत मिळाला नाही, तर तंत्रशिक्षण विभागाच्या नाशिक येथील विभागीय कार्यालयाकडे त्या पोचेसह लेखी तक्रार करावी.